ठरलेली कुस्ती आणि न ठरलेले वार्धक्य

१४ डिसेंबर २०२५ रोजी, रविवारी सकाळी, वाशीम येथील आमच्या घरासमोरच्या ओट्यावर महाविद्यालयातील पाचसहा विद्यार्थी एका मोबाइलवर माना घालून बसले होते. थंडी बरीच होती. परंतु कोणाचे लक्ष तिकडे नव्हते. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी तेव्हा शनिवारची रात्र होती, आणि जॉन सीना हा अठ्ठेचाळीस वर्षांचा मल्ल आपली शेवटची कुस्ती गुंथर नावाच्या ऑस्ट्रियन मल्लाशी खेळत होता. गुंथरने त्याचा गळा हातांच्या कवेत आवळला. सीनाने काही काळ झगडून पाहिले. मग त्याच्या मुद्रेवर मंद स्मित उमटले आणि त्याने हाताने थाप देऊन हार पत्करली. तेथील प्रेक्षागृहात संतापाचा कल्लोळ झाला, आणि आमच्या ओट्यावरही तोच झाला. एका विद्यार्थ्याचे डोळे पाण्याने भरले होते. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, हे सारं आधीच ठरलेलं असते ना? मंग त्याले जिंकवाले काय झालं होतं?"

हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु वस्तुतः तो टीकाशास्त्राचा प्रश्न आहे. खऱ्या कुस्तीत मल्ल का हरला याचे उत्तर त्याच्या देहात असते. ठरलेल्या कुस्तीत ते रचनाकाराच्या हेतूत शोधावे लागते. आम्ही त्या वेळी काही तरी बोलून वेळ मारून नेली. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हांसही तो पराभव रुचला नव्हता. पुढे विचार करिता आमचे मत पालटले. ते का पालटले, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात या विषयाला स्थान कसले, असे काही वाचक म्हणतील. त्यांस आमच्या गावाचीच साक्ष काढून उत्तर देता येईल. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त एक रूपककथा सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग साहित्यविद्या देशोदेशी फिरली; प्रत्येक देशात तिने निराळा वेष, निराळा विलास व निराळी वाणी धारण केली; अखेर विदर्भात तो तिला पुरता वश झाला आणि वत्सगुल्म नगरीत त्या दोघांचा विवाह झाला. या कथेत राजशेखराने वेषाच्या रचनेस प्रवृत्ती, विलासाच्या रचनेस वृत्ती आणि वचनाच्या रचनेस रीती अशी नावे दिली आहेत. ज्या कलेत मनुष्य वेष करून येतो, अंगविक्षेपांनी लोकांस वेधून घेतो आणि भाषणाने त्यांस हसवितो किंवा चिडवितो, त्या कलेस ही कसोटी लावण्यास वाशीमकराने तरी संकोच का करावा?

परंतु त्याआधी लबाडीच्या आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. आपल्याकडे आधी संगनमत करून खेळलेल्या कुस्तीस 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि फडात तिचा संशय आला की प्रेक्षक खवळतात. ते योग्यच आहे. कारण तेथे लोक बलाची परीक्षा पाहावयास आलेले असतात आणि त्यांच्या हाती खोटे नाणे पडते. दूरचित्रवाणीवरील धंदेवाईक कुस्तीची गोष्ट वेगळी आहे. या धंद्यातील लोकांनी आपले गुपित पिढ्यान् पिढ्या जपले, यात शंका नाही. तथापि १९८९ साली त्यांच्यातील सर्वांत मोठ्या कंपनीने न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला खेळ हा करमणुकीचा प्रकार असल्याचे स्वतःच कबूल केले. रोलां बार्थ या फ्रेंच टीकाकाराने तर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मिथॉलॉजीज' या ग्रंथाच्या आरंभीच्या निबंधात, ही कुस्ती म्हणजे क्रीडा नसून नाट्य होय, असे प्रतिपादिले होते. नाटकातील दुःशासन द्रौपदीचे वस्त्र खरोखर फेडीत नाही म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. युद्ध, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, असा भरताचा दंडक. आणि हे नाट्य तर युद्धावाचून दुसरे काहीच दाखवीत नाही. म्हणून ते नाट्य मुळीच नव्हे असे ठरत नाही. ते एका आडदांड जातीचे नाट्य ठरते, इतकेच.

मात्र या नाट्यात एक विलक्षण गोष्ट आहे. येथील निकाल खोटा असतो, पण आपटणे खरे असते. उंचावरून फळ्यांवर पडणाऱ्याची पाठ शेकून निघते, गुडघे झिजतात, मानेचे मणके दुखावतात. रंगभूमीवर तलवारीने मेलेला नट पडदा पडताच उठून चहा घेतो. हा मल्ल मात्र रात्री बर्फाची पिशवी पाठीशी धरून निजतो. यामुळे असे होते की, या खेळात विजय, पराजय, वैर, मैत्री, विश्वासघात सारे आधी ठरविता येते. वार्धक्य तेवढे ठरविता येत नाही. रचनाकाराची परवानगी न घेता रिंगणात शिरणारे तेच एक सत्य आहे. म्हणून आमच्या मते या कलेची आणि तिच्या रसिकांची खरी परीक्षा तरुण मल्लांच्या कुस्त्यांत होत नाही. ती वृद्ध मल्लांच्या कुस्त्यांत होते.

वर सांगितलेली राजशेखराची कसोटी येथे फार उपयोगी पडते. वार्धक्याचा घाला वेष, विलास आणि वचन या तिहींवर सारखा पडत नाही. पहिला बळी विलासाचा. उडी तोकडी पडू लागते, श्वास अपुरा पडतो. वेषावर त्याची मात्रा फारशी चालत नाही. उलट, जुना वेष पाहूनच लोकांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. आणि वचन तर वयाबरोबर पिकत जाते. तेव्हा शहाण्या कलावंताने वय उतरू लागताच आपला भार विलासावरून काढून वेषावर आणि वचनावर टाकावा, हे उघड आहे.

याचे पहिले उत्तम उदाहरण आपल्याच देशातील आहे. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये किंगकाँग व दारासिंग यांच्या कुस्त्या पाहण्यास एके काळी लोटणारी गर्दी आज आजोबांच्या आठवणींत उरली आहे. त्या फ्रीस्टाईल कुस्त्यांस तालमीतील वस्ताद नाके मुरडीत. परंतु लोकांस त्या प्रिय होत्या. १९६८ साली मुंबईत दारासिंग यांनी लू थेझ या अमेरिकन मल्लास जिंकले, आणि १९८३ साली, चौपन्नाव्या वर्षी, त्यांनी रिंगणाचा निरोप घेतला. पुढे १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली आणि साठीच्या उंबरठ्यावरील दारासिंग हनुमान होऊन घरोघर आले. तेथे कोणी त्यांच्या उड्या मोजल्या नाहीत. ज्या देहाने आयुष्यभर बळ दाखविले, तो देह हात जोडून रामापुढे बसला, आणि त्या बसण्यातच बळाचा प्रत्यय आला. विलास ओसरला असता वेषाने त्याची जागा कशी भरून काढावी, याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही. ते १२ जुलै २०१२ रोजी वारले, तेव्हा पुष्कळांना मल्लाबरोबर हनुमानही गेल्यासारखे वाटले.

केबलच्या युगात, म्हणजे १९९०नंतरच्या दशकात, अमेरिकन मल्ल वाशीमसारख्या गावांतील घरांत शिरले. तेव्हा वाशीमचा वेगळा जिल्हाही झाला नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी झाला. शाळेतील मुलांच्या खिशांत या मल्लांच्या चित्रांचे पत्ते असत. त्यांवर उंची, वजन, जिंकलेल्या कुस्त्या आणि क्रमांक छापलेला असे, आणि त्यावरून मधल्या सुट्टीत मोठमोठे वाद होत. त्या पत्त्यांवरील आकडे कधी बदलत नसत. आमचा असा तर्क आहे की, त्या पिढीच्या मनात हे मल्ल पत्त्यांवरल्यासारखेच कायमचे छापले गेले. आणि पुढे पडद्यावरील माणूस म्हातारा होऊ लागला तेव्हा चूक पत्त्याची नसून माणसाची आहे, असे तिला वाटू लागले.

अंडरटेकर या मल्लाचे उदाहरण घ्या. काळी टोपी, काळा पायघोळ डगला, मंद घंटानाद आणि विझलेले दिवे घेऊन तो १९९०च्या नोव्हेंबरात प्रथम आला. त्याच्या कलेत वेषाचा वाटा पहिल्यापासून मोठा. 'रेसलमेनिया' या वार्षिक उत्सवात तो एकवीस कुस्त्या अजिंक्य राहिला आणि २०१४ साली ब्रॉक लेस्नरने ती मालिका तोडली. तेथे थांबणे शोभले असते. तो थांबला नाही. ७ जून २०१९ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा येथे चौपन्न वर्षांचा अंडरटेकर आणि बावन्न वर्षांचा गोल्डबर्ग समोरासमोर आले. उकाडा भयंकर होता. गोल्डबर्गचे डोके खांबावर आदळून रक्त वाहू लागले आणि त्याचे भान गेले; पुढे त्याने अंडरटेकरला उचलले ते सावरता न येऊन तो मानेवर पडता पडता वाचला. हे पाहताना वीररस कोठच्या कोठे पळाला. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा केली आहे; नटाचे खरे रूप मध्ये येऊन उभे राहिले म्हणजे रस खंडित होतो, हे तत्त्व त्या दिवशी आम्हांस जेवढे पटले तेवढे वर्गात शिकवितानाही कधी पटले नव्हते. आम्ही पात्रे पाहावयास बसलो होतो आणि दोन थकलेले गृहस्थ एकमेकांच्या जिवाशी खेळताना पाहत होतो.

याच मल्लाने दहा महिन्यांनी आपली चूक सुधारली. एप्रिल २०२० मध्ये महामारीमुळे प्रेक्षागृहे ओस होती. त्या वेळी स्मशानभूमीचा देखावा उभारून, रात्रीच्या काळोखात, चित्रपटाप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी चित्रण केलेली त्याची ए. जे. स्टाइल्सशी झुंज दाखविण्यात आली. धाप लागली तर ती कात्रीने काढून टाकता येत होती. काही कट्टर रसिकांनी यास कुस्ती म्हणण्याचे नाकारले. आम्हांस तो प्रयोग सर्वस्वी योग्य वाटला. कारण ज्याच्यापाशी विलास उरला नाही आणि वेष मात्र अजून शाबूत आहे, अशा नटाला त्याच्या शक्तीच्या मापाचे कथानक तेथे शिवून दिले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, पदार्पणास तीस वर्षे झाली असता, त्याने निरोप घेतला.

याच्या उलट रिक फ्लेअरची कथा. वचनाच्या प्रांतात या माणसाला जोड नव्हता. रिंगणाबाहेर उभा राहून तो जे बोले त्यानेच अर्धी कुस्ती जिंकली जाई. ३० मार्च २००८ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, शॉन मायकेल्सने त्यास हरविले. अखेरची लाथ मारण्यापूर्वी मायकेल्सने ओठांतल्या ओठांत त्याची क्षमा मागितली, त्यास आपले प्रेम कळविले, आणि मग डोळे मिटून घाव घातला. या कलेत इतका शुद्ध करुणरस आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिला. परंतु फ्लेअर पुन्हा दुसऱ्या कंपनीच्या रिंगणात उतरला. आणि ३१ जुलै २०२२ रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, नॅशव्हिल येथे जावयाला जोडीस घेऊन त्याने आणखी एक 'शेवटची' कुस्ती केली. त्याला धड उभेही राहवत नव्हते. एक उत्तम शेवट लिहून झाल्यावर त्याला वाईट पुरवणी जोडण्याचा हा प्रकार होय. यात कंपन्यांचा लोभ आहेच. त्यांच्या दुकानात निवृत्ती हाही एक विकाऊ माल आहे, आणि तो एकाच माणसाच्या नावाने पुन्हा पुन्हा विकता येतो.

पण माल विकला जातो तो घेणारे असतात म्हणून. आणि घेणारे म्हणजे आपण. प्रेक्षकांच्या प्रीतीचा लहरीपणा पाहावयाचा असेल तर हल्क होगनचे चरित्र पाहावे. १७ मार्च २००२ रोजी टोराँटो येथे तो खलनायक म्हणून रॉकसमोर उभा राहिला. कथानक त्यास दुष्ट म्हणत होते, पण हजारो प्रेक्षकांनी कथानक झुगारून आपल्या बालपणीच्या नायकाचा जयजयकार केला, आणि त्या दोघा मल्लांस ऐन कुस्तीत आपापल्या भूमिका बदलाव्या लागल्या. पुढे २०१५ साली त्याचे वर्णद्वेषी उद्गार उघडकीस आले. ६ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ तो लोकांपुढे आला तेव्हा तो बोलत असता प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. आणि २४ जुलै २०२५ रोजी तो मरण पावला. त्या निषेधास कारण होते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि वेष तोच असूनही वचन डागाळले म्हणजे काय होते, हे त्या रात्री दिसले.

अमेरिकन प्रेक्षकांस हसण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकावून पाहावे. बालगंधर्वांनी १९३५ साली 'धर्मात्मा' चित्रपटात एकनाथांची पुरुषभूमिका केली. परंतु लोकांस ते लुगड्यातच हवे होते, आणि ते पुन्हा रंगभूमीवर स्त्रीवेषात परतले. साठी जवळ आली, देह स्थूल झाला, तरी सिंधू आणि भामिनी त्यांच्याच हातून घडाव्या, असा रसिकांचा हट्ट. डोळे मिटून गाणे ऐकावे, म्हणजे वय दिसत नाही, असे सांगणारे रसिक त्या काळी होते. यास आपण भक्ती म्हणत आलो आहोत. आणि ती भक्ती होती, हे खरेच. पण ज्याच्यावर प्रेम आहे त्याला म्हातारे होण्याची मुभा न देणारी भक्ती निष्पाप मानावी काय, हा प्रश्न आम्ही आजवर टाळला आहे.

लाल मातीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेविले आहे. वऱ्हाडात व्यायामाची परंपरा मोठी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आमच्या भागातील यात्रांतून अद्यापि दंगली होतात. हलगी वाजत असते, शड्डू ठोकले जातात. आणि आखाड्याच्या कडेला फेटे बांधून काही वृद्ध बसलेले असतात. त्यांचे कान मोडलेले असतात, गुडघे वाकत नाहीत. एके काळी तेच त्या मातीत उतरत. आता पोरे मातीत शिरण्याआधी त्यांच्या पाया पडतात, आणि बरोबरीची कुस्ती सोडवावयाची की नाही हे त्यांच्या शब्दावर ठरते. मल्लाचा वस्ताद होणे ही आपल्याकडे बढती आहे. त्याचा विलास शिष्याच्या अंगात जातो आणि वचन त्याच्यापाशी राहते. दूरचित्रवाणीच्या कुस्तीत अशी सोय अगदीच नाही, असे नव्हे. शॉन मायकेल्स आज नव्या मल्लांची जोपासना करीत आहे, आणि २००७ साली जागतिक अजिंक्यपद मिळविणाऱ्या आपल्या दलीपसिंग राणा ऊर्फ ग्रेट खलीने जालंदर येथे शिक्षणसंस्था काढली आहे. परंतु तेथे प्रेक्षक वस्तादाच्या पाया पडत नाहीत. ते त्याला पुन्हा एकदा मातीत उतर म्हणतात.

आता सीनाकडे वळू. त्याच्या निरोपाच्या वर्षाचे आम्ही आंधळे स्तुतिपाठक नाही. मार्च २०२५ मध्ये त्यास एकाएकी खलनायक केले, त्या परिवर्तनास पुरेशी पूर्वतयारी नव्हती आणि ऑगस्टात ते तितक्याच एकाएकी पुसून टाकिले. २० एप्रिल रोजी लास वेगास येथे त्याने कोडी ऱ्होड्सला हरवून सतरावे अजिंक्यपद मिळविले आणि फ्लेअरचा सोळांचा उच्चांक मोडला; पण एका गायकाने मध्येच शिरून घातलेल्या गोंधळात तो विजय कळाहीन झाला. सीनाच्या डावांचा साठा पहिल्यापासून बेताचाच. अर्धे प्रेक्षक त्याची स्तुती करीत तेव्हा उरलेले अर्धे त्याच सुरात त्याची टर उडवीत. त्याचे बळ वचनात होते, आणि त्या वचनाचे सार एकच: कधीही हार मानू नका. हे ब्रीद त्याच्या सदऱ्यांवर आणि टोप्यांवर छापलेले असे. वाशीमच्या बाजारातही तसले सदरे मिळत.

असे ब्रीद बाळगणाऱ्याने शेवटच्या दिवशी स्वतःच्या हाताने हार मानावी, हाच विद्यार्थ्याच्या दुःखाचा विषय होता. आणि आमच्या मते हेच त्या रचनेचे मर्म आहे. त्याला जिंकवून पाठविले असते तर पत्त्यांच्या जोडात आणखी एक न बदलणारा पत्ता पडला असता. वीस वर्षे ज्याने लहान मुलांस झुंजत राहण्यास शिकविले, त्याने जाता जाता त्यांस दुसरी गोष्ट शिकविली: झुंजून झाल्यावर जो हात सोडावयाचा, तो हसतमुखाने सोडावा. त्या स्मितावाचून तो साधा पराभव झाला असता. स्मितामुळे तो निरोप झाला. विलास संपला असता त्याच्या ब्रीदाचा अर्थ त्याने एका थापेने फिरविला. शिवाय त्याचा विजय फक्त त्याच्या उपयोगी पडला असता. त्याची हार अडतिशीतील गुंथरच्या उपयोगी पडली. वस्ताद शिष्याला देतो ते हेच.

तेव्हा त्या तरुण मित्रास आमचे उत्तर असे आहे. बाबा रे, सारे ठरलेले होते हे खरे; आणि ठरविता येत होते म्हणूनच हे ठरविले. वय ठरविता येत नाही. वयाला सामोरे कसे जावे, ते मात्र ठरविता येते. तू त्या सकाळी रागावलास तो सीनावर नव्हे. तुझा लहानपणचा पत्ता फाटला म्हणून रागावलास. आमचाही फाटला. पुढच्या दंगलीला आमच्याबरोबर ये; कुस्त्या पाहून झाल्यावर कडेला बसलेल्या त्या फेटेवाल्या वृद्धांपाशी थोडा वेळ बसू. त्यांपैकी प्रत्येकाला कोणी तरी, कधी तरी, शेवटचे चीत केलेले आहे. आणि ते कोणी केले हे विचारले असता ते मोठ्या अभिमानाने त्याचे नाव सांगतात.